सियागंजची पेढी आणि एंटरप्राइझ अ‍ॅप्लिकेशन: नव्या प्रोग्रॅमरसाठी पायरी-पायरीने

इंदूरला रविवारी सकाळी रामबागेतल्या एका खोलीत आम्ही सात-आठ जण जमतो. आधी पोहे-जिलबी होते, मग लॅपटॉप उघडतात. येणारी मुलं-मुली नुकती कॉलेजातून बाहेर पडलेली असतात, नाहीतर सुपर कॉरिडॉरवरच्या एखाद्या कंपनीत पहिल्या वर्षाला. जावा येत असते, स्प्रिंग बूट या जावाच्या फ्रेमवर्कचा प्रोजेक्ट दहा मिनिटांत उभा करतात. गाडी अडते ती पुढे. "दादा, माझ्या मशीनवर सगळं चालतं, पण टीम लीड म्हणतात हे प्रॉडक्शनला, म्हणजे खऱ्या वापरात, टिकायचं नाही. का?" त्या 'का'चं उत्तर एका बैठकीत देता येत नाही, म्हणून ते इथे सविस्तर लिहितो आहे.

एंटरप्राइझ अ‍ॅप्लिकेशन म्हणजे धंद्याची वही. तिच्यात एकाच वेळी अनेक हात लिहितात, वर्षानुवर्षं लिहितात, आणि तिच्या शब्दावर माल आणि पैसा हलतो. फ्रेमवर्क, क्लाउड, कंटेनर ही त्या वहीची बांधणी झाली. कुठलाही निर्णय घेताना मी एकच प्रश्न विचारतो: यानंतरही वहीतली नोंद खरी राहील का?

उदाहरणासाठी इंदूरच्या सियागंज बाजारातली मसाले आणि नमकीनची एक ठोक पेढी डोळ्यापुढे आणा. गादीवर दोन मुनीम बिलं करतात. माल पालद्याच्या गोदामात असतो. तीन सेल्समन देवास, उज्जैन आणि धामनोदच्या वाऱ्या करतात आणि मोबाइलवर ऑर्डर घेतात. महिन्याअखेरीला सीए हिशेब तपासतात. या पेढीचं अ‍ॅप्लिकेशन आपल्याला बांधायचं आहे.

पहिली पायरी: पेढीवर बसा, तिथले शब्द उचला

कीबोर्डला हात लावण्याआधी दोन दिवस गादीशेजारी बसा. मुनीमजी कशाला काय म्हणतात ते वहीत टिपा. 'बाकी' हाच शब्द घ्या. मुनीमजींच्या तोंडी 'पार्टीची बाकी' म्हणजे येणं असलेली रक्कम. पालद्याच्या गोदामातला माणूस 'बाकी' म्हणतो तेव्हा त्याला ऑर्डरपैकी अजून न गेलेला माल म्हणायचा असतो. तुम्ही दोन्हींसाठी 'बाकी' नावाचा एकच रकाना केलात, तर सहा महिन्यांनी कोणीतरी पैशांतून कट्टे, म्हणजे मालाची पोती, वजा करणार. डोमेन-ड्रिव्हन डिझाइनमध्ये याला बाउंडेड कॉन्टेक्स्ट म्हणतात: एका हद्दीत एका शब्दाचा एकच अर्थ, आणि हद्द ओलांडताना भाषांतर स्पष्ट लिहिलेलं. आपण हिशेबाच्या हद्दीत 'येणं' आणि गोदामाच्या हद्दीत 'पाठवायचा माल' अशी नावं ठेवू.

दुसरं म्हणजे, सगळं सुरळीत होतं तेव्हा काय करता हे विचारून भागत नाही. माल परत आला तर? चेक वटला नाही तर? बिल चुकीच्या पार्टीच्या नावावर गेलं तर? अ‍ॅप्लिकेशनचं निम्मं काम या उत्तरांत दडलेलं असतं आणि ती उत्तरं कुठल्याच स्क्रीनच्या चित्रात सापडत नाहीत. ऐकलेलं साध्या वाक्यांत लिहा: "ज्या पार्टीचं येणं ठरलेल्या मर्यादेच्या वर गेलं, तिला मालकांच्या होकाराशिवाय माल नाही." हे वाक्य मुनीमजींना वाचून दाखवा. ते "हो, पण..." म्हणाले की त्या 'पण'च्या पुढचं लिहून घ्या.

दुसरी पायरी: टेबलं अशी करा की जुनी नोंद बदलणार नाही

१९७० साली आयबीएममधल्या एडगर कॉड यांनी रिलेशनल मॉडेल मांडलं आणि धंद्याची माहिती आजही बहुतेक ठिकाणी त्याच पद्धतीच्या टेबलांत राहते. सुरुवात पोस्टग्रेस किंवा मायएसक्यूएलने करा. त्यात काही उणं पडेल तेव्हा दुसरं शोधता येईल.

पैसा कधीही फ्लोट किंवा डबलमध्ये ठेवू नका. ०.१ आणि ०.२ यांची डबलमधली बेरीज ०.३०००००००००००००००४ येते, कारण हे अपूर्णांक बायनरीत नेमके बसत नाहीत. एका बिलात हे दिसत नाही. हजारो ओळींची बेरीज खतावणीशी जुळत नाही तेव्हा दिसतं, आणि मग सीए चार पैशांचा फरक शोधत बसतात. डेटाबेसमध्ये डेसिमल वापरा, जावात बिगडेसिमल, किंवा सरळ पैशांत पूर्णांक ठेवा. बिगडेसिमलची एक खोड आधीच सांगून ठेवतो: त्याच्या इक्वल्सला २.० आणि २.०० वेगळे वाटतात. तुलना कंपेअर-टूने करा. राउंडिंग ओळीवर करायचं की एकूण रकमेवर, हे मुनीमजींना विचारून एकाच ठिकाणी लिहा.

आता दरांचं. ही चूक मी स्वतः केलेली आहे. १५ नोव्हेंबर २०१७ पासून बऱ्याच वस्तूंवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला, त्यात प्लायवुडही होतं. आमच्या एका प्लायवुडच्या व्यापाऱ्याच्या सॉफ्टवेअरमध्ये मी कराचा दर फक्त वस्तूच्या मास्टरमध्ये, म्हणजे वस्तूंच्या मूळ यादीत, ठेवला होता आणि बिल छापताना तिथून उचलत होतो. मास्टरमध्ये १८ केल्यावर ऑक्टोबरचं बिल पुन्हा छापलं, तर त्यावरचा कर बदललेला. गिऱ्हाइकाच्या हातात एक आकडा, आमच्या पडद्यावर दुसरा. मागची सगळी बिलं कागदांवरून पडताळायला चार रात्री गेल्या.

तेव्हापासून दोन गोष्टी पक्क्या पाळतो. दराच्या टेबलात 'लागू कधीपासून' ही तारीख असतेच. आणि बिल पक्कं झालं की दर, कराची रक्कम, पार्टीचं नाव-पत्ता, सगळं त्या बिलाच्या ओळींतच नकलून ठेवतो. मास्टर उद्या बदलेल, बिल बदलता कामा नये. २२ सप्टेंबर २०२५ ला पॅकबंद नमकीनवरचा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. आपल्या पेढीने २० तारखेला पाठवलेली शेव ऑक्टोबरमध्ये परत आली, तर क्रेडिट नोट त्या जुन्या बिलाच्या दराने निघाली पाहिजे. ओळीत दर लिहिलेला असेल तर हे आपोआप होतं.

जीएसटीआयएन, म्हणजे पार्टीचा जीएसटी नोंदणी क्रमांक, पंधरा अक्षरांचा असतो, तो मजकूर म्हणून ठेवा. पहिले दोन आकडे राज्याचे: मध्य प्रदेश २३, महाराष्ट्र २७. राज्यातल्या देवासच्या पार्टीला सीजीएसटी-एसजीएसटी, राज्याबाहेरच्या जळगावच्या पार्टीला आयजीएसटी. हा निर्णय साधारणपणे माल कुठे पोचवायचा त्यावरून होतो, तेव्हा बिलिंगचा पत्ता आणि माल उतरण्याचा पत्ता वेगळे ठेवा.

बिल नंबरात एक बारीक अडचण आहे. नियमानुसार तो जास्तीत जास्त सोळा अक्षरांचा, क्रमाने जाणारा आणि आर्थिक वर्षात एकमेव हवा. नवखा प्रोग्रॅमर इथे डेटाबेसचं सीक्वेन्स, म्हणजे आपोआप पुढचा नंबर देणारी सोय, लावतो. पण सीक्वेन्सने दिलेला नंबर ट्रान्झॅक्शन रोलबॅक झालं, म्हणजे एकत्र बांधलेलं काम मागे घेतलं गेलं, तरी परत येत नाही, मधेच भोक पडतं. क्रम सलग हवा असेल तर काउंटरची वेगळी ओळ ठेवा आणि ती बिलाच्याच ट्रान्झॅक्शनमध्ये वाढवा. आतल्या ओळखीसाठी, म्हणजे प्रायमरी कीसाठी, सीक्वेन्स खुशाल वापरा. तो नंबर कोणी कागदावर मोजत नाही.

आणि पक्कं बिल डिलीट करण्याचं बटण ठेवू नका. चूक झाली तर उलटी नोंद करायची, जशी मुनीमजी वहीत करतात. तेही पान फाडत नाहीत. शिवाय कंपनी म्हणून नोंदलेल्या धंद्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाचा माग ठेवणं १ एप्रिल २०२३ पासून बंधनकारक आहे.

तिसरी पायरी: थर पाडा, आणि नियम एकाच थरात ठेवा

बाहेरून आलेलं घेणारा थर, धंद्याचे नियम चालवणारा थर, डेटाबेसशी बोलणारा थर. स्प्रिंगमध्ये कंट्रोलर, सर्व्हिस, रिपॉझिटरी. उधारीच्या मर्यादेचा नियम सर्व्हिसमध्येच लिहा. तो वेबच्या स्क्रीनवर लिहिलात तर मोबाइलवरून येणारी ऑर्डर त्याला बगल देते, आणि दिवाळीच्या गर्दीत एक्सेलमधून एकदम चढवलेल्या ऑर्डरी तर सर्रास सुटतात. स्क्रीनवरची तपासणी माणसाच्या सोयीसाठी असते. तिच्यावर वही सोपवू नका.

थोडा इतिहास इथे कामाला येतो. डिसेंबर १९९९ मध्ये जे-टू-ईई, म्हणजे धंद्याच्या अर्जांसाठीची जावा, आलं; पुढे त्यालाच जावा ईई म्हणू लागले. त्याचे एंटरप्राइझ जावा बीन्स इतके जड होते की साध्या नियमाभोवती फायलींचा ढीग लागायचा. २००४ मध्ये स्प्रिंगची पहिली आवृत्ती आली आणि साध्या जावा क्लासमध्ये नियम लिहिणं पुन्हा शक्य झालं. २०१७ मध्ये ओरॅकलने जावा ईई एक्लिप्स फाउंडेशनकडे सोपवायचं ठरवलं, नाव जकार्ता ईई झालं आणि पॅकेजांची नावं जावाएक्सवरून जकार्तावर गेली. नेटवरचा जुना कोड स्प्रिंग बूट ३ मध्ये टाकल्यावर इम्पोर्टच सापडत नाहीत, त्याचं कारण बहुतेक वेळा हेच.

चौथी पायरी: ट्रान्झॅक्शन नीट समजून घ्या

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. बिल पक्कं करणं म्हणजे पेढीवर काय काय घडतं? बिलाची नोंद, त्याच्या ओळी, साठ्यातून माल वजा, पार्टीच्या खात्यात रक्कम नामे, बिल नंबर पुढे. पाच गोष्टी. तिसरी झाल्यावर वीज गेली तर? माल वजा झाला, येणं लागलंच नाही, पेढीचं तेवढं नुकसान. ट्रान्झॅक्शन म्हणजे या पाचही गोष्टी एका गाठीत बांधणं: झाल्या तर सगळ्या, नाहीतर एकही नाही.

या हमीचे चार गुण आहेत: अविभाज्यता (सगळं किंवा काहीच नाही), सुसंगती (नियम न मोडणं), अलगता (एकाच वेळी चाललेल्या कामांनी एकमेकांत न मिसळणं) आणि टिकाऊपणा (लिहिलेलं न पुसणं). थिओ हेर्डर आणि आंद्रेआस रॉयटर यांनी १९८३ मध्ये त्यांना मिळून अ‍ॅसिड हे नाव दिलं. मुलाखतीत हे चार शब्द सगळे घडाघडा म्हणतात. कोड लिहिताना मात्र पुढच्या तीन ठिकाणी पाय घसरतो.

स्प्रिंगमध्ये मेथडवर ट्रान्झॅक्शनलचं अ‍ॅनोटेशन लावलं, तर डीफॉल्टने रोलबॅक होतो तो फक्त रनटाइम एक्सेप्शन आणि एरर आल्यावर. चेक्ड एक्सेप्शन फेकलंत, तर अर्धवट झालेलं काम शांतपणे कमिट होतं, म्हणजे पक्कं लिहिलं जातं. रोलबॅक-फॉरमध्ये तसं सांगा, किंवा धंद्याची एक्सेप्शन्स रनटाइमचीच करा.

दुसरं, हे अ‍ॅनोटेशन प्रॉक्सीमार्फत, म्हणजे स्प्रिंगने तुमच्या क्लासपुढे उभ्या केलेल्या मध्यस्थामार्फत, काम करतं. एकाच क्लासमधल्या एका मेथडने दुसरीला थेट बोलावलं तर प्रॉक्सी मधे येतच नाही आणि ट्रान्झॅक्शन सुरूच होत नाही. अ‍ॅनोटेशन डोळ्यांना दिसतं, म्हणून कोणाला शंकाही येत नाही.

तिसरं, ट्राय-कॅचमध्ये एक्सेप्शन पकडून फक्त लॉग लिहिणं. वर कोणाला काही कळत नाही, कमिट होऊन जातं. एक्सेप्शन पकडायचं तर त्यावर निर्णयही घ्यायचा. घेता येत नसेल तर वर जाऊ द्या.

पाचवी पायरी: दोन हात एकाच कट्ट्यावर

पालद्यात जिऱ्याचे १० कट्टे शिल्लक आहेत. पहिल्या मुनीमांनी उज्जैनच्या पार्टीसाठी ८ कट्ट्यांचं बिल उघडलं. त्याच मिनिटाला दुसऱ्यांनी देवासच्या पार्टीसाठी ६ चं. दोघांच्या कोडने साठा वाचला: १०. पहिल्याने हिशेब केला १० वजा ८, लिहिले २. दुसऱ्याने १० वजा ६, लिहिले ४. आता डेटाबेस म्हणतो ४ कट्टे शिल्लक, बिलं झाली १४ कट्ट्यांची, आणि दोन्ही ट्रान्झॅक्शन्स यशस्वी. याला लॉस्ट अपडेट म्हणतात. पोस्टग्रेसची डीफॉल्ट अलगता रीड कमिटेड आहे, मायएसक्यूएलच्या इनोडीबीची रिपीटेबल रीड. दोन्हींत डीफॉल्टवर ही चूक घडते. तुमच्या मशीनवर कधीच दिसणार नाही, कारण तिथे हात एकच असतो.

उपाय तीन आहेत आणि तिन्हींची जागा वेगळी आहे.

साठ्यासाठी मी अटीचं अपडेट वापरतो. डेटाबेसला एकाच वाक्यात सांगायचं: या मालाची शिल्लक ८ किंवा जास्त असेल तरच त्यातून ८ वजा कर. मग किती ओळी बदलल्या ते पाहायचं. शून्य आलं तर माल नाही, बिल थांबवायचं. वाचणं आणि लिहिणं यांत फट राहतच नाही.

पार्टीचा पत्ता, फोन, मर्यादा अशा फॉर्मसाठी व्हर्जनचा रकाना ठेवा. मुनीमजींनी फॉर्म उघडला तेव्हा व्हर्जन ७ होतं. सेव्ह करताना "व्हर्जन अजून ७ असेल तरच लिही आणि ८ कर" असं म्हणायचं. मधे मालकांनी काही बदललं असेल तर सेव्ह होणार नाही आणि "ही माहिती आत्ताच बदलली आहे, पुन्हा पाहा" असा निरोप येईल. जेपीएमध्ये, म्हणजे जावाच्या ऑब्जेक्टची टेबलांशी सांगड घालणाऱ्या सोयीत, व्हर्जनचं अ‍ॅनोटेशन हेच करतं.

बिलाच्या काउंटरसाठी ओळ सरळ कुलूपबंद करा, सिलेक्ट फॉर अपडेटने. पण हे कुलूप ट्रान्झॅक्शनच्या अगदी शेवटी घ्या, नाहीतर एकाचं बिल होईपर्यंत बाकी सगळे ताटकळतील. बिलात अनेक वस्तू असतील तर साठ्याच्या ओळी नेहमी वस्तूच्या कोडच्या क्रमाने घ्या. एकाने आधी जिरं आणि मग हळद धरली, दुसऱ्याने आधी हळद आणि मग जिरं, तर दोघं एकमेकांची वाट पाहत अडकतात. तोच डेडलॉक.

उधारीची मर्यादा मात्र अटीच्या अपडेटने सांभाळता येत नाही, कारण तो नियम अनेक बिलांच्या बेरजेवर आहे. एकाच पार्टीची दोन नवी बिलं एकमेकांना न दिसता मर्यादेत बसतात आणि मिळून बाहेर जातात. इथे बेरीज करण्याआधी पार्टीची ओळ कुलूपबंद करा. रविवारच्या बैठकीत हे उदाहरण स्वतः सोडवलं की पोरांच्या डोक्यात अलगता पक्की बसते, म्हणून ते मी हटकून देतो.

सहावी पायरी: बाहेरच्या जगाशी बोलताना

धामनोदचा सेल्समन मानपूरच्या घाटातून ऑर्डर पाठवतो. ऑर्डर पोचते, नोंदली जाते, पण उत्तर परत जाताना नेट तुटतं. तो पुन्हा बटण दाबतो, दुसरी ऑर्डर पडते. दोष त्याचा नाही. मोबाइलच्या अ‍ॅपने ऑर्डर तयार होतानाच तिला एक स्वतंत्र ओळखक्रमांक द्यावा, दर वेळी तोच पाठवावा, आणि डेटाबेसमध्ये त्या रकान्यावर युनिक बंधन असावं. दुसऱ्यांदा तोच क्रमांक आला की नवी नोंद न करता पहिलंच उत्तर परत द्यायचं. याला आयडेम्पोटन्सी म्हणतात. पैशांच्या प्रत्येक व्यवहाराला ती हवीच.

आता ई-वे बिल, म्हणजे माल वाहून नेण्यासाठी लागणारी सरकारी ऑनलाइन नोंद. राज्याबाहेर जाणाऱ्या ५०,००० रुपयांवरच्या मालाला ते साधारणपणे लागतं आणि त्यासाठी बाहेरची एपीआय बोलवावी लागते. ती ट्रान्झॅक्शनच्या आत कधीही बोलवू नका. स्प्रिंग बूट डीफॉल्टने हिकारी हा कनेक्शन पूल, म्हणजे डेटाबेसच्या तयार कनेक्शन्सचा साठा, वापरतं आणि त्यात डीफॉल्टने १० कनेक्शन्स असतात. समजा बाहेरची एपीआय मंदावली आणि उत्तराला ३० सेकंद लागू लागले. दहा बिलं अडकली की दहाही कनेक्शन्स अडकली, आणि अकरावा माणूस साधी वस्तूंची यादीसुद्धा उघडू शकत नाही. मालकांचा फोन येतो: "सगळं बंद पडलं." डेटाबेस बिचारा मोकळाच बसलेला असतो.

त्याऐवजी बिलाच्या ट्रान्झॅक्शनमध्येच 'पाठवायच्या नोंदी' नावाच्या टेबलात एक ओळ घाला. वेगळा वर्कर ती ओळ उचलतो, बाहेर पाठवतो, उत्तर आलं की खूण करतो, नाही आलं तर थोडं थांबून पुन्हा प्रयत्न करतो. ही आउटबॉक्सची पद्धत. बिल झालं आणि निरोप गेलाच नाही, असं होत नाही. निरोप दोनदा जाऊ शकतो, तेव्हा पाठवतानाही तोच ओळखक्रमांक द्या. आणि बाहेरच्या प्रत्येक कॉलला टाइमआउट लावा.

सातवी पायरी: कोणाला काय दिसावं

सेल्समनला त्याच्याच पार्ट्या, मुनीमांना बिलं, मर्यादा बदलणं फक्त मालकांना. मेनूतलं बटण लपवलं म्हणजे अधिकार तपासला असं होत नाही. तपासणी सर्व्हिसवर हवी, आणि तीही नोंदीच्या पातळीवर: यूआरएलमधला बिल नंबर बदलून एकाला दुसऱ्याच्या पार्टीचं बिल दिसता कामा नये. पासवर्ड बीक्रिप्ट किंवा आर्गॉन-टूने हॅश करून, म्हणजे मूळ पासवर्ड परत काढता येणार नाही अशा रूपात, ठेवा. एसक्यूएलमध्ये मजकूर जोडून क्वेरी बनवू नका, पॅरामीटर द्या. वापरलेल्या लायब्रऱ्यांची यादी हाताशी असू द्या. डिसेंबर २०२१ मध्ये लॉग-फोर-जे या लॉग लिहिणाऱ्या लायब्ररीतलं सुरक्षेचं भोक उघड झालं, तेव्हा ज्यांच्याकडे अशी यादी नव्हती त्यांना आपण ती लायब्ररी वापरतो की नाही इथूनच शोध घ्यावा लागला.

आठवी पायरी: बदल, चाचणी आणि रात्रीचा फोन

टेबलातला प्रत्येक बदल फ्लायवे किंवा लिक्विबेस या साधनांच्या क्रमांकित फाइलमधून करा. प्रॉडक्शनवर हाताने रकाना वाढवलात तर तो कधी आणि का वाढला हे पुढच्या वर्षी तुम्हालाही सांगता येणार नाही. चाचण्या खऱ्या डेटाबेसवर चालवा. मेमरीतल्या बदली डेटाबेसचं कुलपांचं वागणं वेगळं असतं, म्हणजे पाचव्या पायरीची खात्री तिथे होत नाही. वेळ यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, साठवा आणि दाखवताना साडेपाच तास पुढची भारतीय वेळ दाखवा. पण बिलाची तारीख ही फक्त तारीख म्हणून ठेवा. नाहीतर १ एप्रिलला पहाटे दोन वाजता केलेलं बिल मागच्या आर्थिक वर्षात जाऊन पडतं.

यादीचा पडदा मंद असेल तर आधी क्वेऱ्या मोजा. शंभर बिलांच्या यादीसाठी एक क्वेरी बिलांची आणि मग प्रत्येक बिलाच्या पार्टीसाठी एकेक, अशा १०१ क्वेऱ्या जाताना मी अनेकदा पाहिल्या आहेत. जॉइन करून एकदाच आणा.

लॉगमध्ये प्रत्येक विनंतीचा ओळखक्रमांक आणि बिल नंबर हवेत, पासवर्ड आणि बँकेचे तपशील नकोत. बॅकअप घेता तो महिन्यातून एकदा दुसऱ्या मशीनवर उतरवून पाहा.

मायक्रोसर्व्हिसेस, म्हणजे एका अ‍ॅप्लिकेशनचे स्वतंत्र चालणारे छोटे तुकडे, याबद्दल प्रत्येक बॅच विचारते. माझं मत ठाम आहे: या पेढीसाठी एकच अ‍ॅप्लिकेशन, एकच डेटाबेस, आतले विभाग स्वच्छ. साठा आणि हिशेब वेगळ्या सर्व्हिसांत टाकलेत की चौथ्या पायरीची ती एक गाठ तुटते. मग प्रत्येक अर्धवट कामासाठी उलटं काम हाताने लिहावं लागतं. वेगळ्या टीम्स एकमेकांच्या रिलीझमध्ये अडकू लागल्या, किंवा एखाद्या भागावरचा भार फारच वेगळा झाला, की तेव्हा तोडा. पहिल्या पायरीच्या हद्दी नीट आखल्या असतील तर कुठे तोडायचं हे तेव्हा दिसेलच.

आता करून पाहा. वस्तू, साठा, पार्टी, बिल, बिलाच्या ओळी, काउंटर, एवढीच टेबलं करा. बिल पक्कं करण्याची एकच सर्व्हिस लिहा, स्क्रीन नको. जिऱ्याचे १० कट्टे टाका आणि एकेका कट्ट्याची ५० बिलं ५० थ्रेडमधून एकदम सोडा. बरोबर १० बिलं झाली पाहिजेत, साठा शून्य आणि नंबर १ ते १० सलग. मग साठा पुन्हा भरा, बिलं चालू असताना अ‍ॅप्लिकेशनची प्रोसेस किल करा, पुन्हा सुरू करा, आणि साठ्यातून गेलेले कट्टे बिलांतल्या कट्ट्यांशी जुळवून पाहा. वीस वेळा करा. एकदाही फरक पडला तर पुढच्या रविवारी लॅपटॉप घेऊन या, पोहे साडेनऊला असतात.